करीममास्तरांचा अंगरखा

आमच्या दुकानात टेबलाखाली एक पोतं आहे. कापताना पडलेल्या चिंध्या त्यात जातात. कितीदा रिकामं करा, महिन्याभरात पुन्हा गच्च! किश्श्यांचंही तसंच झालंय. टाकवत नाय, कारण कोणती चिंधी कधी राजाच्या तुऱ्याला लागंल, सांगता येत नाय. मला लिहिता येत नाय. मी बोलते, नात उतरवून घेते.

नाटकाच्या कपड्यांचं आमचं दुकान गुलमंडीच्या मागच्या बोळात. माणसं तीन. मी, कापड कापून शिवणारे करीममास्तर, अन् मणी-टिकल्या टाकणारी शकू. शाळेचं गॅदरिंग, शिवजयंतीची मिरवणूक, हौशी नाटकवाले, सगळ्यांना राजे अन् सरदार लागतात. बजेट मात्र सगळ्यांचं सारखंच, नसल्यासारखं! म्हणून आमचा शेला जुन्या पडद्याचा, ढाल टबाच्या झाकणाची, अन् जिरेटोप माझ्या दुधाच्या पातेल्यावर कागदाचा लगदा थापून केलेला.

*

चिलखत आम्ही सुतळीचं करतो. जाळी विणायची, वरून चांदीचा रंग मारायचा. लांबून बघा, लोखंडच!

एकदा पिशोरच्या शाळेनं दोन चिलखतं नेली. घाई होती, रंग नीट वाळला नव्हता. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "आजी, तहाच्या प्रवेशात दोन्ही राजांनी मिठी मारली, अन् सुटंचनात! ओढून काढलं तर दोघांचीही तोंडं चांदीची!"

मी घाबरले. मास्तर कैची न थांबवता म्हणाले, "उनको बोलो, तह पक्का झाला."

*

मास्तर आमच्याकडं आले तेव्हा माझी दोरी बघून लई हसले होते. मला आकडे येत नाहीत, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची मी एक दोरी करते. खांद्याला एक गाठ, छातीला दोन, उंचीला तीन. भिंतीवर खिळ्यांना नुसत्या दोऱ्याच लोंबत असतात.

"बाई, ये टेप है के बकरी बांधने की रस्सी?"

"मास्तर, तुमचा टेप दिव्याशिवाय वाचता येतो का?" मी म्हणाले. "माझी दोरी अंधारातही बोलते."

सहज बोलून गेले. तेव्हा ते वाक्य कुठं जाऊन लागणार आहे, हे मला काय ठाऊक!

*

अंगरख्याची एक गोष्ट मास्तरांनीच मला शिकवली. जुन्या चित्रांत बघा म्हणायचे, मोगल सरदाराच्या अंगरख्याचे बंद उजव्या काखेखाली असतात, मराठा सरदाराचे डाव्या. नाटक बघणाऱ्या शंभरांतल्या एकालाही हे कळत नाय. पण मास्तरांना चालायचं नाय. "वो एक आदमी आया तो?" म्हणायचे.

दोन वर्षांमागं एका नाटकाचे दहा अंगरखे होते. पाच इकडचे, पाच तिकडचे. चकाकतं कापड होतं, एका बाजूनंच चमक. रंगीत तालमीला डायरेक्टरचा फोन आला. "आजी, सगळं उलटं झालंय. मराठ्यांचे बंद उजवीकडं अन् मोगलांचे डावीकडं!"

दहाच्या दहा! मी उरलेलं कापड हातात धरून बघितलं, तेव्हा उमगलं. मास्तरांनी चमक खाली ठेवून कापलं होतं. चाळीस वर्षांचा हात, अन् कापडाची सुलट बाजू कोणती ते दिसलं नव्हतं.

पुन्हा शिवायला ना वेळ, ना दहांना पुरंल एवढं कापड. मास्तर रिक्षानं तालमीला गेले. सगळ्यांना अंगरखे उतरवायला लावले अन् म्हणाले, "इनके उनको दो, उनके इनको." पाच मिनिटांत दोन्ही फौजा एकमेकांच्या कपड्यांत उभ्या! नाटक झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

 परत आल्यावर दुकानाची पायरी चढताना मास्तर एवढंच म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका."

नाय सांगितलं.

*

त्यानंतर शकूनं एक काम सुरू केलं. मास्तर यायच्या आधी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायची. पांढरा डावीकडं, काळा मधी, लाल उजवीकडं. जागा कधी बदलायची नाय. मास्तर कधी काही बोलले नाहीत. आम्हीही नाय.

एकदा शकू भाचीच्या लग्नाला फुलंब्रीला गेली अन् मला सांगायचं राहिलं. मी बाजारातून आले तर बारा वाजलेले. मास्तर गळ्यात टेप घालून बसलेले, पुढ्यात कापड तसंच.

"काय झालं, मास्तर?"

"कुछ नहीं. आज दिल नहीं लग रा."

मी चहा ठेवला. त्यांनी पाठ फिरवली तेव्हा तीन सुया ओवल्या अन् उशीला टोचल्या. चहा संपला तसं मास्तरांचं दिल लागलं.

*

पण घरात किती दिवस लपणार? परवा त्यांचा मुलगा सलीम दुकानात आला. रिक्षा चालवतो तो, रोज सकाळी बापाला तोच सोडतो. त्या दिवशी आत येऊन उभा राहिला.

"आजी, डॉक्टर बोले, अब रोशनी वापस नहीं आने की. अब्बांना आता घरीच राहू द्या. कधीतरी बोट कापून घेतील."

मास्तर खाली बघत होते. मग म्हणाले, "एक अंगरखा काटता हूं. तेरे वास्ते. बिगडा तो कैची यहींच छोड के घर आता."

त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला अन् माझ्याकडं हात केला. "बाई, तुमची दोरी द्या."

मी सलीमच्या अंगाला दोरी लावून गाठी मारल्या. खांदा, छाती, उंची. मास्तरांनी बोटांनी एक एक गाठ चाचपली. त्याच नाटकातलं चकाकतं कापड उरलं होतं, ते त्यांनी अंथरलं.  कैची चालली. मधी दोनदा थांबली, पुन्हा चालली. शकू तोंडाला पदर लावून उभी.

दुसऱ्या दिवशी शिवून झाला. सलीमनं घातला. खांद्यावर सुरकुती नाय. बंद बांधायला हात काखेकडं नेला अन् थबकला. पुढचे दोन्ही पल्ले सारखेच रुंद होते. डाव्या काखेखाली बंद, उजव्याही काखेखाली बंद.

त्यानं डावीकडं बांधून बघितला. सोडला. उजवीकडं बांधला. दोन्हीकडून तसाच बसला; कापड उलटं पडलं असतं तरी बिघडला नसता.

"अब्बा, ये कौनसी तरफ का है?"

 मास्तर मशीनवर पडलेले दोरे हातानं गोळा करत राहिले.

 सलीमनं टेबलावरची कैची उचलून बापाच्या हातात दिली.

"कल कितने बजे छोडूं?"

"साडेदस को," मास्तर म्हणाले. "उसके पहले नक्को. शकू की सुइयां नहीं होतीं तब तक."