फटफटकाकांचा टर्बो

माझ्या धाकट्या काकांना अख्खी गल्ली फटफटकाका म्हणायची. गॅरेज त्यांचं, पण तिथं दुरुस्तीपेक्षा उचापतीच जास्त. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो बसवायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं आणि काकूची कुरकुर सुरू झाली. इंजिनाच्या धुरावर फिरणारा तो पंखा आत जास्तीची हवा कोंबतो. ताकद वाढते, तशी उष्णताही. आधीच दोन पिस्टन वितळले होते.

"पिस्टनचं काय घेऊन बसलीस!" काका काकूला म्हणायचे. "चालवायची अक्कल पाहिजे. या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं. उतारावर रेस पूर्ण सोडली की पेट्रोल थांबलं, ऑइल थांबलं, इंजिन जाम! म्हणून उतारावरही थोडी रेस द्यायचीच."

काकूला यातलं एवढंच कळलं, की हा माणूस उतारावरही गाडी पळवणार. चाचणीच्या दिवशी तिनं मला मागच्या सीटवर चढवलं. "पुतणी मागे असली की हात आवरेल त्यांचा." मला विचारतंय कोण!

टेकडी चढताना टर्बोनं शीळ घातली आणि गाडी अशी उसळली, की मी काकांचा शर्ट मुठीत धरला. माथा ओलांडला. समोर लांबलचक उतार, खाली वळण, वळणावर खडीनं भरलेला ट्रक. माझी मूठ आणखी आवळली, ती काकांना जाणवली असावी. जन्मभर दुसऱ्यांना बजावलेलं विसरून त्यांनी रेस सोडून दिली.

शीळ थांबली. इंजिन चिरकलं, मागचं चाक जाम झालं आणि गाडी आडवी घसरू लागली. ट्रकचं चाक माझ्या गुडघ्याशी आलं. आता मेलोच! तेवढ्यात काकांनी क्लच दाबला, चाक मोकळं झालं आणि आम्ही ट्रकला घासून पलीकडे गेलो.

काका रस्त्याच्या कडेला मटकन बसले.

"एकटा असतो तर रेस सोडली नसती गं," एवढंच म्हणाले. मला रडू फुटलं.

गाडी ढकलत घरी आलो. काकू दारातच उभी. तिनं आधी मला चाचपलं, मग काकांना विचारलं, "उतारावर हळू घेतलीत ना?"

काकांनी खाली मान घालून "हो" म्हटलं.

काकूचा जीव भांड्यात पडला. "बघा, मी म्हणत होते ना! आता दर वेळी हिलाच मागे बसवत जा."