कोळंबीआधी बटाटा

कोळंबी तळायच्या आधी मी बटाट्याचे थोडे काप तळून घेते. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवर माझ्यासोबत राहणारी मैत्रीण विचारते, हे कशाला? मी म्हणते, तेल तापलंय का ते कळतं. हे खरं नाही, पण खरं सांगायला वेळ लागतो, आणि तोवर तेल जास्त तापतं.

माझी आई गडहिंग्लजची, लिंगायत घरातली. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा केल्याशिवाय ती चहाही घेत नाही. पप्पा कोडोलीचे, शेतकरी मराठा घरातले, ज्यांच्याकडे पाहुणा आला की चुलीवर मटण चढतंच. दोघांनी आपलं लग्न आपणच ठरवलं आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर संसार मांडला. खाली टायपिंगचे क्लास चालायचे. सकाळी त्यांची टकटक आणि आईची घंटा एकदमच ऐकू यायची.

आईनं मांस कधी खाल्लं नाही, पण पप्पांना आणि मला करून घातलं. त्यासाठी गॅलरीत एक वेगळी शेगडी होती, वेगळं पातेलं, वेगळी कढई, वेगळा डाव. त्यातलं काही स्वयंपाकघरात यायचं नाही आणि स्वयंपाकघरातलं काही तिथं जायचं नाही. गॅलरीतला स्वयंपाक झाला की ती आंघोळ करायची आणि मग आपली भाजी-भाकरी वाढून घ्यायची. सगळ्यांच्या मागून, एकटी.

चव घ्यायचा प्रश्नच नव्हता. ती वासावर करायची. रश्शाला उकळी आली की पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची आणि मला हाक मारायची, "बघ गं मीठ." मी चमचाभर चाखून म्हणायचे, "ठीक आहे." मीठ कमी असलं तरी ठीक, जास्त असलं तरी ठीक. शाळेत बाई इंग्रजीत काही विचारायच्या तेव्हा मी ‘फाइन’ म्हणायचे, घरी ‘ठीक’. एवढ्यावर माझं बरंच आयुष्य भागत होतं.

पप्पांना एक मोठी बहीण. पप्पांची आई ते लहान असतानाच गेल्यामुळे त्यांना तिनंच वाढवलं. ते तिला आक्का म्हणत. आत्याचे यजमान एसटीत होते, नोकरीमुळे ती मालवणला राहायची. लग्नानंतर आईपप्पा पहिल्यांदा कोडोलीला गेले तेव्हा आत्या मुद्दाम आली होती. नव्या सुनेसाठी बकरं कापलं. आत्यानं स्वतःच्या हातानं पहिलं ताट वाढायला घेतलं, आणि आईनं ताटावर हात आडवा धरला. तिला दुसरं काय करावं ते सुचलं नाही. पप्पांनी आधी सांगून ठेवायला हवं होतं. ते म्हणतात, मी सांगणारच होतो.

"माझ्या वाढण्यावर हात आडवा धरला," एवढंच आत्या तेव्हा म्हणाली. मग आम्ही कोडोलीला जायचो ते पप्पा आणि मी. आत्या कोल्हापूरला आली तर पप्पा तिला स्टँडवर भेटायचे. एकदा ती आमच्या दारापर्यंत आली होती, मी लहान होते. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर ती म्हणाली, "तहान न्हाय," आणि पायरीवरूनच परतली.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत आत्या डोळे दाखवायला म्हणून आली आणि कोडोलीला उतरली. तिथून तिचा फोन आला. पप्पांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, कारण आत्या फोनवर ओढ्यापलीकडल्या माणसाशी बोलावं तशी बोलते. आम्हाला सगळं ऐकू आलं.

"रविवारी येतो जेवायला. तुझ्या घरी."

पप्पा म्हणाले, "ये की आक्का. मटण आणतो."

"मटण नगं. मटण काय, कोल्हापुरात कोण बी करतंय. कोळंबी कर म्हणावं तिला."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "मुद्दाम मागितलीय. मला येत नाही हे माहीत आहे त्यांना."

"आक्का तसली न्हाय."

"तशा नाहीत, तर आजवर या घरात पाणी का नाही प्यायल्या?"

 पप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाजारात गेले आणि सरावासाठी कोळंबी घेऊन आले.

आईनं पिशवी गॅलरीत परातीत ओतली आणि ती मागे सरली. मिशा, पाय, काळे मणी बसवल्यासारखे डोळे. "मटणाला डोळे नसतात गं," ती म्हणाली. म्हणून सोलायचं काम माझ्याकडे आलं. पाठीतला काळा धागा काढायचा असतो हे कोळणीनं पप्पांना बजावलं होतं, आणि पप्पांनी ते आम्हाला तीनदा सांगितलं.

पुढचं मात्र आईनं आमच्याकडे व्हायचं तसंच केलं. कोल्हापुरात मांस म्हटलं की आधी अळणी: हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं, त्या पाण्याचा पांढरा रस्सा, तुकड्यांचा तांबडा. आईनं निम्मी कोळंबी गॅलरीतल्या कुकरला लावली. मटणाच्या मानानं मऊ दिसते म्हणून शिट्ट्या जरा कमी घेतल्या. आम्हा तिघांनाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. समुद्रकाठचं कुणी तिथं असतं तर त्याला भोवळ आली असती.

झाकण काढलं तेव्हा कोळंब्या आवळून अंगठीएवढ्या झाल्या होत्या. पप्पांनी एक तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"चांगली हाय की," ते म्हणाले. "जरा टिकाऊ झालीया."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "बघ गं."

मी चावत होते. ‘ठीक’ अगदी ओठांवर आलं होतं.

"खरं सांग," आई म्हणाली. "माझ्याकडे दुसरी जीभ नाही."

ती हे रागावून म्हणाली नव्हती. चष्मा सापडत नसला की घरातल्या माणसाला सांगावं तशी म्हणाली होती. मी घास कसाबसा गिळला आणि म्हणाले, "खोडरबर झालंय, आई."

पप्पा आधी हसले, मग आई. हसता हसता ती शेगडीजवळच्या पाटावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. तो पदर बराच वेळ तोंडावर होता.

मग मी आपणहून बोलले. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही मुली राजारामपुरीतल्याच एका चायनीज हॉटेलात गेलो होतो. तिथं कोळंबीची एक डिश आली होती. मला दुसरी कोळंबी घ्यायचा धीर झाला नव्हता, त्यामुळे ती एकच मला नीट आठवत होती. मी आईला सांगितलं: वरून भज्यासारखी कुरकुरीत, त्यावर गोड चिकट पाक, लसणाचा वास, थोडं आंबट, थोडं तिखट, तीळ. आत कोळंबी मऊ.

आईनं पदर खाली घेतला. "म्हणजे गोड भजी."

"तसंच काहीसं."

"आणि पाक वेगळा करतात? नंतर घोळवतात?"

"असावा. नुसता वरूनच होता."

ती विचार करत राहिली. तिला काय सुचलं ते मला थोड्या वेळानं कळलं. रश्शात सगळं एका पातेल्यात एकजीव असतं, त्यातला थेंबही तिला चाखता येत नसे. इथं पीठ वेगळं, पाक वेगळा, आणि कोळंबी सगळ्यात शेवटी. म्हणजे एक कोळंबी सोडली तर बाकी सगळं ती स्वतःच्या जिभेनं ठरवू शकणार होती.

पाक तर तिचाच प्रांत. गडहिंग्लजला तिच्या माहेरी संक्रांतीला चिक्की आणि तिळाच्या वड्या घरीच होत, आणि पाक उतरवायची वेळ आली की सगळ्या तिलाच बोलवत. तिनं कोडोलीच्या गुऱ्हाळातून आलेली काकवीची बरणी काढली. स्वयंपाकघरातल्या कढईत तेलावर लसूण परतला, सुकी मिरची चुरून टाकली, काकवी ओतली, लिंबू पिळलं. ताटलीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकून बघत राहिली. तांदळाच्या पिठात थोडं कॉर्नफ्लोअर आणि मिरपूड. बटाट्याचे जाड काप त्यात घोळवून तळले, पाकात टाकले, आणि चाखले.

आई काहीतरी चाखतेय आणि मी बघतेय, असं प्रथमच होत होतं. "मीठ हवं," ती म्हणाली. "आणि पाक अजून जरा पुढे जायला हवा, नाहीतर पीठ भिजेल." मग तिनं उरलेलं पीठ आणि पाक वरूनच गॅलरीतल्या भांड्यांत ओतला. तिथं मी कोळंब्या तळल्या. गुलाबी झाल्या की लगेच काढायच्या. तिसऱ्या घाण्याला जमलं. मी ‘ठीक’ म्हटलं नाही. मी दुसरी घेतली, तिसरी घेतली.

रविवारी आत्या पप्पांबरोबर रिक्षातून उतरली. हातात पिशवी, पिशवीत आमसुलं आणि नारळ. आईनं पाण्याचा तांब्या दिला. आत्यानं तो घेतला, टेबलावर ठेवला, आणि पाणी प्याली नाही. आईनं ते पाहिलं, मीही पाहिलं.

या पदार्थाची अडचण अशी की तो आधी करून ठेवता येत नाही. तळण गरम, पाक गरम, घोळवायचं आणि ताबडतोब ताटात, नाहीतर मऊ पडतं. म्हणजे पाहुणी बाहेर जेवणार आणि आई गॅलरीत कढईपाशी अडकून पडणार. तिचं स्वतःचं जेवण, भाकरी आणि बटाट्याचे काप, स्वयंपाकघरात ओट्यावर ताटलीत झाकून ठेवलेलं. मधली ये-जा माझी.

मी पहिला घाणा नेला. आत्यानं ताटात वाकून पाहिलं.

"हे काय? कोळंबीची जिलबी केलीया व्हय तुझ्या आईनं?"

मी गॅलरीत परत आले.

"काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"जिलबी म्हणाल्या."

"म्हणजे बरं की वाईट?"

"माहीत नाही."

"खाल्ली का?"

तेवढ्यात बाहेरून कुर्रकन आवाज आला. मग पुन्हा एकदा. आईनं गॅस बारीक केला आणि झारा तसाच धरून ती ऐकत उभी राहिली. आवाज थांबला नाही.

मी दुसरा घाणा घेऊन गेले तेव्हा पाण्याचा तांब्या अर्धा झाला होता.

"पोरी, ह्येच्यात गूळ हाय?"

"काकवी. कोडोलीची."

"पाक कुणी धरला?"

"आईनं."

"आनि चाखला कुणी?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून निघून जाऊ शकले असते. आत्याच्या आवाजापुढे मी नेहमी तेच करायचे. पण तिनं विचारलं ते टोमण्यासारखं वाटलं नाही, खरंच विचारल्यासारखं वाटलं.

"पीठ आणि पाक आईनंच चाखला," मी म्हणाले. "आधी बटाट्याला लावून. तेल वेगळं, कढई वेगळी. मग ते बाहेरच्या भांड्यात ओतलं. कोळंबी फक्त मी चाखली."

आत्याशी मी एवढं कधीच बोलले नव्हते. तिनं चावायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आनि त्यो बटाटा कुठाय?"

"आत. ते आईचं जेवण आहे."

"बोलव तिला."

आई शेवटचा घाणा घेऊनच आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. ती वाढायला वाकली आणि आत्यानं ताटावर हात आडवा धरला.

आईचा हात तसाच थांबला. पप्पा तोंडातला घास चावायचे राहिले.

आत्याला ते जरा उशिरा लक्षात आलं. तिनं आपल्याच हाताकडे पाहिलं. "अगं, पोट भरलं म्हणून धरला की," ती म्हणाली. एरवीपेक्षा बराच हळू. "काय बघतीस अशी? तुझ्यातलं दे जरा."

"नुसता बटाटा आहे तो, वन्सं."

"ठाव हाय. पोरीनं सांगितलं."

आईनं आपल्या हातांकडे पाहिलं. "माझे हात गॅलरीतले आहेत. आंघोळ झाल्याशिवाय मी त्या ताटलीला..." तिनं वाक्य सोडून दिलं.  पुन्हा तेच, मला वाटलं. पुन्हा आत्याला लागणार.

"तू आन गं पोरी," आत्या मला म्हणाली आणि खुर्ची सरकवून उठली. मला वाटलं, चालली. ती बेसिनपाशी गेली. साबण घेऊन तिनं मनगटापर्यंत हात धुतले, चूळ भरली, पदराला हात न पुसता तसेच ओले घेऊन परत आली. मी ताटली आणली. आत्यानं कडेचा एक काप उचलला, बाकीच्याला बोट न लावता.

"गार झालाय," ती म्हणाली. मग चावून झाल्यावर, "पाक झकास. पर रोज गारच खातीस व्हय गं तू?"

आई म्हणाली, "सवय आहे."

 जाताना आत्यानं काकवीची निम्मी बरणी मागून नेली.

त्या वर्षी कोडोलीच्या जत्रेला आई आमच्याबरोबर आली. मागच्या परसात चुली पेटल्या होत्या, मटणाची मोठी पातेली अजून रिकामीच होती आणि चुलत्या ती चढवायची घाई करत होत्या. आत्या एका लहान, कोऱ्या कढईसमोर बसली होती. कढईच्या कानाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"थांबा गं," ती ओरडली, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. "आधी वैनीचं तळून हूंदे."

आई परसाच्या दारात उभी होती. कुणीतरी तिला पाट दिला. ती सगळ्यांच्या आधी जेवायला बसली, आणि तिला त्याची सवय नसल्यामुळे सारखी इकडेतिकडे बघत, गरम काप फुंकून फुंकून खात राहिली.