खुर्ची टाकून धरलेली जागा

जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेनमध्ये गॅरेज मिळत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. ते खोटं आहे. फ्लॅट घेताना घरमालक गॅरेज देत होता आणि मीच ऐटीत म्हणालो होतो, "दारासमोर एवढा रस्ता असताना गॅरेज कशाला?" तेव्हा ऑगस्ट होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या झाडांच्या सावलीत निवांत उभ्या होत्या.

बर्फ पडला की याच रस्त्याचं रूप पालटतं. नगरपालिकेचा नांगर मधली वाट मोकळी करतो आणि सगळा बर्फ कडेच्या गाड्यांवर लोटून निघून जातो. ज्याने आपली जागा उकरली तो गाडी हलवायला तयार नसतो, आणि ज्याने उकरली नाही त्याला हलवता येत नाही. उरल्या एकदोन जागांवर सगळ्या गल्लीचा डोळा.

अशा आठवड्यात सासूबाई येणार होत्या.

त्या नुसत्या पाहुण्या म्हणून येत नव्हत्या. मुलीला कीटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, वसंतापर्यंत जागा नव्हती आणि सोमवारपासून बायको दीड वर्षाने पुन्हा ऑफिसला जाणार होती. सगळी मदार आईंवर. त्यांच्या गुडघ्याची वाटी गेल्याच वर्षी बदललेली. फोनवर त्यांनी आधीच बजावलं होतं, "बर्फाचं मला भ्या वाटतं. एकदा पाय घसरला की संपलं. नाही जमलं तर आठ दिवसांत घरी परत येईन हो."

बायकोने मला एकच काम दिलं. "आईला दारात उतरव. दारात म्हणजे दारात. चर्चपाशी नाही, बेकरीपाशी नाही."

शनिवारी सकाळी मी गाडी उकरायला घेतली. आमच्याकडे फावडं नव्हतं. दर हिवाळ्यात आता घेऊच म्हणतो आणि तेवढ्यात हिवाळा संपतो. म्हणून केराची सुपली घेतली आणि उपसलेला बर्फ मागे, फुटपाथवर टाकत गेलो. शेवटी जागा अशी लख्ख झाली की तिथे पाट मांडून पंगत बसवावी.

आता ती सोडून विमानतळावर कसं जायचं?

माझं बालपण कराडच्या एसटी स्टँडवर गेलं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग दारातून शांतपणे चढायचं, हे शिक्षण मला शाळेच्याही आधी मिळालं. रुमालाचा अपमान कोणी करत नसे. इथे रुमाल बर्फात दिसला नसता, म्हणून मी वरून जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणली, जागेच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बायकोचा लाल टॉवेल टाकला.

बायको खिडकीतून ओरडली, "अरे, इथे असं चालत नाही!"

"ज्या देशातली माणसं सुट्टीत पहाटे उठून स्विमिंग पूलच्या खुर्चीवर टॉवेल टाकतात, त्यांना हे कळणार नाही होय?"

या वाक्यावर मी इतका खूश होतो की विमानतळापर्यंत ते स्वतःलाच दोनदा ऐकवलं.

आई व्हीलचेअरवरून बाहेर आल्या, स्वेटरवर स्वेटर, वर शाल. रस्ताभर त्या पांढऱ्या टेकड्यांकडे बघत होत्या. मी मात्र फुशारकी मारत होतो, "काळजी नको, दारासमोर जागा धरून ठेवलीय."

दारासमोर एक करडी स्टेशन वॅगन उभी होती. खुर्ची नाही, टॉवेल नाही.

मी गाडी तशीच पुढे नेली. चर्चला वळसा घालून परत आलो. करडी गाडी तिथेच. पुन्हा वळसा.

"जावईबापू, हे मघाचंच चर्च ना?" आईंनी विचारलं.

"इथे चर्चेस बरीच आहेत."

"आणि प्रत्येकाबाहेर तोच निळा ट्रक?"

तिसऱ्या फेरीला मी शरण आलो. गाडी दारासमोर रस्त्यातच थांबवली, चारही इंडिकेटर लावले आणि उतरलो. तेव्हा दिसलं की दार आणि आई यांच्यामध्ये कमरेएवढी बर्फाची भिंत आहे. ती मीच सकाळी घातली होती, सुपली सुपलीने.

भिंतीपलीकडे तळमजल्यावरच्या आजी उभ्या होत्या, हातात खडी पसरायची बादली. चार वर्षांत आमचं बोलणं 'ग्र्यूस गॉट'च्या, म्हणजे इथल्या नमस्काराच्या, पुढे गेलं नव्हतं. त्या दिवशी ते बरंच पुढे गेलं. या आठवड्यात फुटपाथ साफ करायची पाळी कोणाची? तुमची! पाळीची पाटी तुमच्याच दारावर लटकतेय! आणि तुम्ही साफ करायचं सोडून उलट भर घालता?

मी जर्मनमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो", करत मान हलवत होतो. मागे गाडीची काच खाली झाली.

"बरोबर बोलतेय ती," आई म्हणाल्या.

"तुम्हाला काय कळलं?"

"कळायचंय काय त्यात? दुसऱ्याच्या दारात केर लोटणाऱ्याला आमच्या गल्लीतही असंच बोलतात."

मी आजींना खुर्चीबद्दल भीत भीत विचारलं. त्या जरा चकित झाल्या. रस्त्यावर खुर्ची ठेवली म्हणजे ज्याला हवी त्याने न्यावी, हे उघडच नाही का? समोरची नवीन राहायला आलेली मुलं न्यायच्या आधी त्यांना विचारून गेली होती. "मीच म्हणाले, न्या. छान टॉवेलही ठेवलाय म्हटलं, गुंडाळून न्यायला."

एवढ्यात त्यांना काचेतून शाल दिसली.

"ही कोण?"

मी सांगितलं. गुडघ्याचंही सांगितलं. आजींनी आधी आईंकडे पाहिलं, मग माझ्या भिंतीकडे, आणि बादली खाली ठेवली. इमारतीच्या बाजूला त्यांचं फरसबंदी अंगण आहे. त्यांच्याकडे गाडी नाही, पण फाटक नेहमी बंद, म्हणून मी कधी तिकडे पाहिलंही नव्हतं. त्यांनी ते सताड उघडलं. आत बर्फाचा कण नव्हता. मागच्या दाराला पायरीसुद्धा नव्हती.

"सकाळीच का नाही विचारलंत?" त्या म्हणाल्या.

मी गाडी हळूच आत घेतली, थेट त्या दारापर्यंत.

आई आजींच्या दंडाला धरून आत गेल्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी इथल्या श्वाबियन बोलीत, आणि दोघींचं छान चाललं होतं. विषय मीच असावा, कारण मधूनमधून दोघी मागे वळून बघत होत्या. सामान उतरवून मी गाडी पार कब्रस्तानाच्या भिंतीशी लावून आलो. रात्री जेवताना मी मुलीच्या स्टुलावर बसलो. आई मधूनमधून खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होत्या. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "राहील ना रे ती?" मला तरी कुठे माहीत होतं?

रविवारी सकाळी खरवडण्याच्या आवाजाने जाग आली. खाली आजी फावड्याने माझी भिंत पाडत होत्या. पाळी माझी होती, आणि मी खिडकीत, पांघरूण लपेटून. त्यांच्यामागे मोकळ्या झालेल्या फरशीवर, बायकोचं जाकीट आणि कानटोपी घालून, आई बादलीतून मूठ मूठ खडी पसरत होत्या. शेतात बी फेकावं तशी. एक पाऊल टाकायच्या, पाय दाबून बघायच्या, मग पुढचं.

बायको धावत खिडकीशी आली. "आई! पडशील!"

"खडी टाकलीय ना, नाही पडत," त्या वर बघून म्हणाल्या. मग मला हाक मारली. "अहो जावईबापू, खाली या आणि ते फावडं घ्या त्यांच्या हातातून. आणि या काय विचारतायत ते मला सांगा. मघापासून बोटं दाखवतायत."

आजींनी खालूनच मला प्रश्न केला. मी मराठीत सांगितला, "किती दिवस राहणार, असं विचारतायत."

आईंनी हात झटकले. "सांगा त्यांना, मार्च संपेपर्यंत आहे म्हणावं."

बायकोने खिडकी लावली आणि सोमवारचे कपडे इस्त्रीला काढले. मी बूट शोधायला गेलो.