आईचा अंगठा आणि हिरवं बटण

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीला घरी आले होते. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटार चालू व्हायची. बोट उचललं की बंद पडायची. वडील सकाळीच सायकलवरून संगमनेरला मिस्त्रीला आणायला गेले. पण कांद्याचं रोप आदल्या दिवशीच उपटून ठेवलं होतं, लागवडीला सांगितलेल्या सहा बाया बांधावर येऊन बसल्या होत्या आणि लाईट फक्त बारा वाजेपर्यंत होती. वाफे भिजल्याशिवाय लागवड होत नाही, आणि उपटलेलं रोप उन्हात फार तग धरत नाही.

आईनं तिच्या परीनं मार्ग काढला. विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपीत स्टार्टर होता. ती तिथं उभी राहिली आणि अंगठ्यानं बटण दाबून धरलं. मी फावडं घेऊन वाफ्यांना पाणी द्यायला लागले. पाणी पाटातून वाफ्याच्या तोंडाशी यायचं आणि नेमकी मोटार बंद व्हायची.

"आता काय झालं गं?" बांधावरून एकीनं विचारलं.

"मुंगी चावली!" आई खोपीतून ओरडली.

"तिला म्हनावं, कांदं लावून झाल्यावर चाव!"

सगळ्या हसल्या. तासाभरात दोन वाफे भिजले. आईचा अंगठा पांढरा पडला होता. बायांमधली सगळ्यात वयस्कर आजी तंबाखू मळत मला म्हणाली, "पोरी, तू सायन्सला हाय म्हनं. तिथं काय नुसतं पुस्तकच उघडून बसता का?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे मला सगळं येतं असा सगळ्यांचा समज होता. तो मी कधी खोडून काढला नव्हता. खरं सांगायचं तर, प्रॅक्टिकलला एका खिळ्याला तार गुंडाळून, तिच्यातून वीज सोडून टाचण्या उचलल्या होत्या. माझी विजेशी ओळख एवढीच.

पण त्या टाचण्या आठवल्या आणि थोडं सुचायला लागलं. वीज बंद केली की टाचण्या गळून पडायच्या. स्टार्टरच्या आतही तसंच काहीतरी होत असणार. बोट आहे तोवर धरतंय, म्हणजे मोटार चांगली आहे. बोट उचलल्यावर जे धरून ठेवायला हवं, तेच धरत नाही.

"आई, मी उघडून बघू का?"

"करंट बसला म्हंजे? तुझ्या बापाला काय तोंड दाखवू मी?"

मी मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज काढले आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधले. कोरड्या फळीवर उभी राहिले, टेस्टर लावून बघितला. मग त्याच टेस्टरनं झाकणाचे स्क्रू काढायला लागले. आई माझ्या मागं उभी राहून माझी वेणी घट्ट धरून होती. करंट बसला तर वेणीनं ओढून बाजूला करता येईल, असा तिचा हिशेब.

आत डांबराच्या दोन गोळ्या होत्या, पालीसाठी ठेवलेल्या. मधला जाड तुकडा बोटानं आत दाबला तेव्हा बाजूची एक बारीक पट्टी दुसरीला जाऊन टेकली. बटणावरचं बोट उचलल्यावर वीज हिच्यातूनच जात असणार. मी वाकून बघितलं. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांवर लाल-पिवळा पापुद्रा वाळून बसला होता.

हळद-कुंकू.

दसऱ्याला आईनं स्टार्टरची पूजा केली होती. यंत्र आत असतं, मग नुसत्या डब्याला कुंकू कसं लावायचं, म्हणून वडिलांनी तिला झाकण उघडून दिलं होतं. वर नारळाचं पाणीही शिंपडलं होतं. त्यानंतर मोटार आजच चालवली होती.

मी आईकडं बघितलं. तिनंही ते पाहिलं होतं. तिनं घरातून सायकलच्या पंक्चरच्या डबीतला पॉलिश पेपर आणून दिला. मी पट्ट्या घासल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या, झाकण लावलं, फ्यूज बसवले आणि मेन स्विच वर केला.

आईनं बटण दाबलं. मोटार चालू झाली.

"आता अंगठा काढ."

"न्हाई काढत. बंद पडंल."

"काढ तर."

तिनं डोळे मिटून अंगठा उचलला. मोटार चालूच राहिली. बांधावर बायांनी पदर खोचले.

बारा वाजायच्या आत बहुतेक सगळे वाफे भिजले. वडील मिस्त्रीला घेऊन आले, तेव्हा निम्मी लागवड झाली होती. मिस्त्रीनं पाटाचं पाणी बघून विचारलं, "काय हुतं गं, ताई?"

"कचरा अडकला होता," मी चाचरत म्हटलं.

"कचरा कशाला म्हन्ती? माझ्या हातचं कुकू हुतं ते," आई म्हणाली. "आन् झाकान यांनी उघडून दिलं हुतं."

वडील सायकल लावायच्या निमित्तानं तिकडं वळले. मिस्त्री मात्र खोपीच्या दारात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि चहा पिऊन गेला.

पुढच्या दसऱ्याला आई ताट घेऊन खोपीत आली. मला टेस्टर दिला आणि म्हणाली, "उघड. कुठं लावायचं न्हाई, तेवढं दाखव."