यल्लाप्पाच्या बर्फातलं मीठ

भिंतीपलीकडून त्या घरातलं पहिलं भांडण कानावर आलं ते मिठावरून. ठकुबाई नवऱ्याला म्हणत होती, "अहो, बर्फात मीठ किती घालायचं ते धाकट्याला कशाला शिकवता? उद्या तोच तुमच्या डोक्यावर बसेल."

यल्लाप्पा म्हणाला, "भाऊ आहे तो माझा. तुझ्या माहेरचा असता तर लपवलं असतं!"

मग एक पातेलं आपटलं. भांडण रीतसर झालं म्हणायचं.

निपाणीकडची ही माणसं हेब्बाळला आमच्या शेजारी राहायला आली होती. यल्लाप्पा मटक्याची कुल्फी करायचा. मी कशीबशी चौथी शिकलेली, पण एकदा विचारलंच, "अरे, गोड जिनसाला एवढं मीठ?"

"दुधात नाही हो अक्का, भोवतीच्या बर्फात. नुसता बर्फ दुधाला गार करतो, गोठवत नाही. मीठ पडलं की तो वितळायला लागतो, अन् वितळता वितळता आणखी गार होतो." मी त्या पाण्यात बोट घातलं. चावलंच मेलं.

देवनहळ्ळीला आमच्या ओळखीच्या विश्वासरावांच्या नातीचं लग्न निघालं. लग्नाच्या हॉलच्या मालकानं सांगून ठेवलं होतं, कुल्फी जमली तर हॉलचं कायमचं काम यल्लाप्पाला. म्हणजे उन्हातान्हात गाडी ढकलणं संपलं असतं. मीही जेवायला गेले होते. मागच्या अंगणात तो बर्फात मटका फिरवत बसलेला. धाकटा नरसिंह सांगून गेला होता, "अण्णा, तू दूध सांभाळ. मिठाचं पोतं मी आणतो."

दिवेलागण झाली. नरसिंह येईना, फोन उचलेना. बर्फाचं पाणी होत चाललं आणि दूध होतं तसंच. स्वयंपाक्याकडे भाजीपुरतं मीठ. आसपास सगळे मोकळे प्लॉट, एकच दुकान. यल्लाप्पा तिथं धावला. दुकानदार म्हणाला, "दिवे लागल्यावर उप्पू देत नाही, अण्णा. लक्ष्मी जाते. सकाळी या." आमच्याकडेही तिन्हीसांजेला मीठ उंबऱ्याबाहेर जात नाही. नरसिंहाला हे लहानपणापासून ठाऊक. नेमकी तीच वेळ त्यानं साधली.

पंगत उठायच्या सुमारास तो टेम्पोतून फ्रीजर घेऊन उतरला. आत कारखान्यातली कुल्फी. मालकाला म्हणाला, "अण्णाचं वय झालं, साहेब. विसरतो. म्हणून मी सोय करून ठेवली."

यल्लाप्पा तिथंच उभा होता. "नरशा, पोतं कुठं आहे रे?" एवढंच विचारलं. नरसिंह फ्रीजरमधून कुल्फ्या काढत राहिला. माझ्या हातात त्याची कुल्फी होती. चव बरी होती, खोटं कशाला सांगू, पण अर्धी तशीच खाली ठेवली.

काम नरसिंहाला मिळालं. भावाभावांचं बोलणं तुटलं. पण आई नरसिंहाकडे, महादेवपुऱ्यात, आणि त्या बोळक्या म्हातारीला थोरल्याच्याच हातची कुल्फी लागायची. दर सोमवारी तो डब्यात बर्फ आणि मीठ ठासून, मध्ये कुल्फी बसवून बसनं जायचा. ठकुबाई चिडायची, "त्या दारात कशाला पाय ठेवता?" तो म्हणायचा, "पायरीवरच बसतो. दारात कुठं जातो?"

गेल्या वर्षी एका मंगळवारी झोपेतच यल्लाप्पा गेला. आदल्या दिवशी काय झालं ते नरसिंहाच्या बायकोनं, रंजितानं, मला सांगितलं. ती म्हणाली होती, "भावजी, आत या ना." तो म्हणाला, "नको. स्वल्प घाई आहे." म्हातारी पायरीवर येऊन बसली. त्यानं चमच्या-चमच्यानं भरवलं, हनुवटी पुसली, डब्यातलं खारं पाणी गटारात ओतलं आणि रिकामा डबा घेऊन बस धरायला निघाला.