हाइनर गाणं संपवत नसे

हाइनर क्रूगरला आयुष्यभर कुणी कान देऊन ऐकलं नाही, आणि याचाच त्याला अभिमान होता. धंदाच तसा. जर्मनीत असताना त्याच्या पियानोच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. कव्हरवर समुद्रकिनारा मोठा आणि याचं नाव मुंगीएवढं. लोक त्या लावायचे आणि गप्पा मारत जेवायला बसायचे. पुढे तो प्रवासी जहाजावर वाजवू लागला, तिथे अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावची रूथ भेटली, आणि लग्न करून स्वारी शॉमबर्गच्याच एका हॉटेलच्या लॉबीत येऊन बसली, ती कायमची.

नियम एकच: लोकांच्या गप्पा थांबता कामा नयेत. थांबल्या तर चूक पियानोवाल्याची. म्हणून तो कुठलंच गाणं संपवायचा नाही. शेवट जवळ आला की हळूच दुसऱ्यात शिरायचा, म्हणजे टाळ्यांची भानगडच नको. घरीही रूथ स्वयंपाक करता करता अखंड बोलायची आणि हा वाजवायचा. तिच्या शेवटच्या आजारपणात मात्र तो वाजवू लागला की ती सोफ्यावर पडून गप्प राहायची. हिला कंटाळा येतोय, असं समजून त्याने पियानोचं झाकण लावून टाकलं. ती गेल्यावर घर खायला उठलं. वाजवावंसं वाटलं की तो आधी रेडिओवर बातम्या लावायचा. कुणीतरी बोलायला हवं ना.

त्यातच हॉटेलने सांगितलं की, पुढच्या महिन्यापासून लॉबीत पियानोऐवजी स्पीकर लागणार. आता आपल्याला कुणीच बोलावणार नाही, या विचाराने म्हातारा खचला. अशात हॉटेलसमोरच्या ऑफिसातल्या अपर्णाने त्याला घरी वाजवायला बोलावलं. तिची आई सुमित्राबाई नागपूरहून लेकीकडे आली होती, आणि दर शनिवारी मायलेकी त्याच्या लॉबीत कॉफी प्यायच्या. आईची पंचाहत्तरी होती. हाइनरने ठेवणीतला कोट काढला. हे जमलं तर आणखी चार घरं बोलावतील, एवढीच त्याला आशा.

दारात बूट काढावे लागले. नुसत्या मोज्यांनी अपर्णाच्या घरातल्या पियानोचं पेडल दाबत त्याने सुरुवात केली. घरात मस्त कलकलाट होता, त्यामुळे गडी खुशीत. तेवढ्यात सुमित्राबाईंनी हात वर केला.

"अरे, गप्प बसा जरा. माणूस वाजवतोय ना?"

"सॉरी काकू," म्हणत एका पाहुण्याने फोनसुद्धा सायलेंट केला.

झालं. सगळं घर चिडीचूप. मंडळी सतरंजीवर मांडी घालून, कानात प्राण आणून बसली. हाइनरच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं काय चुकलं? त्याने आवाज आणखी हळू केला, तशी शांतता वाढली. गाण्याचा शेवट आला, सवयीने बोटं दुसऱ्या गाण्याकडे वळली. पण एवढे डोळे रोखलेले असताना चोरपावलांनी शिरणार कुठे? तो मधेच थांबला आणि उठून उभा राहिला.

"माफ करा," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्यामुळे तुमच्या गप्पा थांबल्या."

अपर्णा बुचकळ्यात पडली. तिने आईला मराठीत सांगितलं.

"म्हणजे काय?" सुमित्राबाई म्हणाल्या. "ऐकायचं असलं की माणूस गप्पच बसतो. त्यांना म्हणावं, दर शनिवारी अर्धंच सोडता, आज पूर्ण ऐकवा."

अपर्णाने ते त्याला समजावून सांगितलं. हाइनर खाली बसला. हात पट्ट्यांवर ठेवले, पण बोटं उठेनात. त्याला सोफ्यावरची रूथ दिसत होती. तिला कंटाळा आला नव्हता. ती ऐकत होती, आणि त्याने झाकण लावलं होतं.

सगळ्यांदेखत त्याचे डोळे भरून आले. कुणी घाई केली नाही. मग त्याने ते गाणं पहिल्यापासून घेतलं आणि चाचपडत का होईना, शेवटपर्यंत नेलं. सगळं घर ऐकत होतं. जिला ते ऐकवायचं राहिलं, ती तेवढी नव्हती.