एकादशीच्या पाळ्यांचं पान

आमचं घर शिंप्यांचं. शिवलेला कपडा हातात आला की आम्ही तो आधी उलटा करून बघतो. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या कंपनीत वेबसाइटी तपासायच्या कामाला लागले, तेव्हा हीच खोड उपयोगी पडली. ब्राउझर पान नटवून दाखवतो. मला मात्र सर्व्हरनं मुळात काय धाडलंय, ते बघायची भारी हौस. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत हुकमाची एक ओळ लिहायची, की नुसता मजकूर समोर येतो. त्यात काय काय सापडतं, विचारू नका!

आणि म्हैसूरच्या आमच्या भजनी मंडळाची साइट, जी मीच हौसेनं करून दिली, ती मात्र ब्राउझरमध्ये एकदा बघून सोडून दिली होती. घरचं काम ना!

काकांची नजर गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून फोनच त्यांना पानं वाचून दाखवतो. एका रविवारी ते म्हणाले, "अय्यो, तुझं पान मुकं आहे की गं! एकादशीच्या पाळ्या लागल्यात म्हणतात. फोन नुसतं 'इमेज' म्हणतो नि गप्प."

"मी वाचते ना, काका."

"नको. माझं नाव आहे की नाही, ते माझं मला कळू दे."

चाळीस वर्षं भजनाची एक पाळी त्यांची असायची. यंदा आपल्याला गाळलं असेल, ही धास्ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. मला ती त्या क्षणी कळली.

मी पान ब्राउझरशिवाय मागवलं. सर्व्हरनं आकडा दिला, दोनशे. म्हणजे सगळं ठीक. ठीक कसलं, डोंबल! मजकूर औषधालाही नाही, फक्त एका फोटोच्या फाईलचं लांबलचक नाव. मंडळाच्या चिटणिसांनी फळ्यावरच्या कागदाचा फोटो काढून चढवला होता. आमच्याकडे सूचना अशीच चढवतात, आणि डोळसांना त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही कुठं वाटलं होतं?

फोटो समोर ठेवून मी यादी टाइप करायला बसले. चोवीस एकादशा, चोवीस नावं. काकांचं नव्हतं.

बोटं वळवळली. घुसडावं का कार्तिकात कुठं तरी? मंडळाचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण काकांना खरं हवं होतं. यादी होती तशीच चढवली.

काकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग पुन्हा ऐकली. मी काही बोलायच्या आत त्यांनी चिटणिसांना फोन लावला, स्पीकरवर.

"माझं नाव का काढलं?"

चिटणीस चाचरले. "तसं नव्हे, अण्णा... तुम्हाला आता अभंगाचं पुस्तक दिसणार नाही, म्हणून..."

"चाळीस वर्षांत," काका म्हणाले, "मला पुस्तक उघडताना पाहिलंस कधी?"